थांबवणाऱ्याला कोण पूजतो?

हसायचं असेल तर आत्ताच पोटभर हसून घ्या बाई. मध्ये कुणी खिदळलं तर चहाचा कप हातातून काढून घेईन. माझी फजिती आहे, मी सांगेन तशीच ऐकायची!

आमच्या उज्जैनमध्ये तेव्हा परदेशी कंपन्यांच्या गाड्या नुकत्याच कुठे दिसायला लागल्या होत्या. जो तो नुसता रंग बघायचा. मी इंजिन बघितलं. बदली होऊन चाललेल्या एका साहेबाची सोळाशे सीसीची लाल गाडी मी घेतली. वय माझं अडुसष्ट. हे गेल्यावर त्यांच्या फंडाचं काय करू? पापड लाटू?

आणि ड्रायव्हिंग मला कुणी शिकवलेलं नाही, बरं का. आमचे हे रेल्वेत होते, त्यांच्या ऑफिसची जीप दारात उभी असायची. ते दुपारी झोपले की मी मागच्या मैदानात जीप काढायची. सातवीतून शाळा सुटली माझी, पण गाडीचं जाडजूड इंग्रजी पुस्तक डिक्शनरी शेजारी ठेवून वाचून काढलं मी. दोन पावसाळे लागले. कार्बोरेटर उघडून साफ करणारी माधव नगरात मी एकटी बाई होते. पुरुषही फार नव्हते, उगाच कशाला खोटं बोलू!

तर ही लाल गाडी. पळायची कशी म्हणता? सुटली की हरणी! फक्त थांबायचं तिच्या मनावर होतं. एकदा देवास रोडवर म्हैस आडवी आली, आणि गाडी म्हशीच्या शेपटीला वारा घालून थांबली. नेमका माझा मुलगा श्रीकांत शेजारी बसलेला. तो बँकेत आहे. बँकेतल्या माणसाला म्हैस एवढी जवळून बघायची सवय नसते.

घरी आल्यावर म्हणाला, "आई, किल्ली दे."

"का?"

"गाडी विकून टाकू. तुझं वय काय, गाडी काय! लोक मला नावं ठेवतात."

"लोक काय ठेवायचं ते ठेवोत. दोष ब्रेकचा आहे, वयाचा नाही. ब्रेक बदलते."

शेवटी करार झाला. सून वैशाली साक्षीला. दसऱ्याच्या दिवशी भैरवगढच्या पुढच्या मोकळ्या रस्त्यावर श्रीकांत एक रेघ आखणार. मी साठच्या वेगाने यायचं, रेघ दिसल्यावरच ब्रेक दाबायचा आणि त्या रेघेच्या आत गाडी थांबवायची. थांबली तर किल्ली जन्मभर माझी. नाही थांबली तर किल्ली त्याची, आणि मी देवळात जायचं ते टेम्पोत कोंबून.

टेम्पोत! मी!

दुसऱ्याच दिवशी इंदूरला गेले. तिथे एका मोठ्या दुकानात गाड्यांचं सगळं हौसेचं सामान मिळायचं. मालक जग्गी सेठ, गळ्यात सोन्याची साखळी, तोंडात पान. माझ्याकडे बघतच नाही हो! माझ्या मागे बघतो, कुणी पुरुष येतोय का म्हणून.

"माताजी, भैया को भेज दो ना. टेक्निकल चीज़ है."

"भैया बैंक में नोट गिन रहा है. टेक्निकल मैं हूँ. बोलो, ब्रेक में क्या-क्या है?"

त्याने काय काढलं असेल? लाल प्लास्टिकची झाकणं! मागच्या ड्रमवर बसवायची. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, रेसची गाडी आहे.

"इससे स्पोर्टी लुक आता है."

"लुक देखके भैंस रुकेगी क्या?" मी विचारलं. दुकानातले दोघे-तिघे हसले. सेठचं पान गालात अडकलं.

मग त्याने भोकाभोकांची डिस्क दाखवली. मी म्हटलं, ही भोकं कशाला, इडली करायचीय का? रोज ताणली तर भोकाच्या कडेने तडकते, पुस्तकात लिहिलंय. मग ही एवढी परातीएवढी डिस्क काढली. मी पर्समधून शिवणाची टेप काढली, मोजली, आणि म्हटलं, ही माझ्या चाकात मावणार कशी? तू काय चाकं फुकट देणार आहेस? अहो, लूट चालली होती नुसती! नवीन माल आला, नवीन पैसा आला, अक्कल मात्र जुनीच.

शेवटी मी माझ्या हाताने निवडलं. आत हवा खेळणारी दोन जाड डिस्क, तापल्यावरही पकड न सोडणारे पॅड, रबरी नळ्यांऐवजी स्टीलच्या जाळीच्या नळ्या, आणि ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा. लुक शून्य. सेठ निघताना हात जोडून म्हणाला, "माताजी, आप जैसी दो ग्राहक और आ गईं तो मैं दुकान बंद करके हरिद्वार चला जाऊँगा."

आमच्या माधव नगरातल्या युसुफमियाँच्या गॅरेजमध्ये सामान बसवलं. स्टुलावर बसून मी एकेक नट बघत होते. युसुफमियाँ चिडले. "अम्मा, आप जाओ, मेरे हाथ काँपते हैं आपको देखके." मी हलले नाही.

गाडी घरी आली, आणि मी आमच्या घरच्या गॅरेजच्या भिंतीवर पाटी लावली. खडूने, ठळक अक्षरात: 'डिस्कला तेल, ग्रीस किंवा बोट लावणाऱ्याची गय केली जाणार नाही.' खाली सही. कारण पुस्तकात ते तीनदा लिहिलेलं आहे: डिस्कला चिकट काही लागलं की पॅड ते पिऊन टाकतात, आणि मग ब्रेक असून नसल्यासारखे. घरात सगळ्यांना उभं करून मी ते समजावलं होतं. वैशाली गाडीजवळून केराची सुपली घेऊन गेली तरी मी ओरडायची, "लांबून! लांबून!"

उजाडला दसरा. आता आपल्याकडे दसऱ्याला काय करतात? ज्या हत्याराने पोट भरतं, जे यंत्र रोज हाताशी, ते पूजतात. सकाळी श्रीकांतने गाडीला झेंडूचा हार घातला, बोनेटवर पाच बोटं ओढली, नारळ फोडला, झालं. मी बघत होते. मला राग आला, खरंच आला. म्हटलं, ही सगळी दुनिया पळणाऱ्याची पूजा करते. इंजिनाला हार, बोनेटला कुंकू! थांबवणाऱ्याला कोण पूजतो? आज माझी लाज कोण राखणार आहे? बोनेट?

मी तबक उचललं. गाडीची चाकं मोठ्या फटींची, हात सहज आत जायचा. डिस्क कशी, आरशासारखी झळकत होती! कोरडं कुंकू काही चिकटेना. घसरून खाली पडायचं. मग वाटीत साजूक तूप घेतलं, घरचं, आदल्या दिवशीच कढवलेलं. त्यात कुंकू कालवलं आणि दोन्ही पुढच्या डिस्कवर असं सुबक स्वस्तिक काढलं, की बघत राहावं. वाटीत थोडं उरलं. सणाच्या दिवशी तूप वाया घालवायचं? डिस्कच्या मागच्या बाजूनेही बोट फिरवलं. हात जोडले. म्हटलं, बाबांनो, सांभाळा.

बघा, कपाळाला हात लावलात ना? तुम्हाला आत्ता कळलं. मला कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला!

निघालो. गल्लीच्या तोंडाशी ब्रेक दाबला तर जरा मऊ लागला. मी म्हटलं, नवीन आहेत, बसायला वेळ लागतो. पुस्तकात आहे तसं.

पुढे श्रीकांत नाक वर करून म्हणाला, "आई, शिऱ्याचा वास येतोय."

"दसरा आहे. घरोघरी शिरा होतोय."

"बंद गाडीत?"

"काच खाली कर आणि गप्प बस."

वैशाली मागून म्हणाली, "नाही हो आई, चांगला खमंग वास आहे. आपल्याच गाडीतून येतोय."

"मग भूक लागली असेल तुला!"

भैरवगढ मागे पडलं. दोन्हीकडे सोयाबीन कापलेली शेतं. श्रीकांतने झेंडूच्या पाकळ्यांची रेघ आखली आणि वैशालीला घेऊन रस्त्याच्या खाली, चांगला लांब जाऊन उभा राहिला. आईवर विश्वास म्हणतात तो हा!

मी मागे गेले. पदर खोचला. आले ती साठने! रेघ दिसली, ब्रेक दाबला.

काही नाही.

दोन्ही पायांनी दाबला. गाडी म्हणजे लोण्यावरून चाललेली सुरी! रेघ गेली. पाकळ्या उडाल्या. श्रीकांत गेला, वैशाली गेली, एक गाय तोंड वर करून बघत होती ती गेली. हँडब्रेक ओढला, स्टिअरिंग वळवलं, आणि गाडी सरळ सोयाबीनच्या भुशाच्या ढिगात! बोनेट आत, मी बाहेर, काचेवर भुसा.

शेताचा मालक काठी टेकत आला. गाडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "माँ साब, या गाड़ी बी चारो खावे कई?"

श्रीकांतने हात पुढे केला. "किल्ली."

"देणार नाही! माल नकली आहे!"

तुम्हीच सांगा, दुसरं कुणाच्या मनात काय येणार? घरी येऊन इंदूरला ट्रंककॉलसारख्या आवाजात फोन केला. "सेठ, कल दस बजे उज्जैन आओ. नकली पॅड बेचे हैं तुमने. मैं मर जाती तो? नहीं आए तो ग्राहक मंच में घसीटूँगी!" युसुफमियाँना दम दिला, की तुमचे हात काँपले तेव्हाच मला कळलं होतं. आणि एवढ्यावर थांबले असते तर बरं. पण थांबणं त्या दिवशी माझ्या नशिबातच नव्हतं. मी पंच बोलावले! चाकं सगळ्यांसमोर उघडली जातील, असं गल्लीत सांगून आले. समोरचे रिटायर्ड हेडमास्तर, रामघाटावर पूजा सांगणारे आमचे गुरुजी, महिला मंडळाच्या चारपाच जणी, सगळ्यांना बोलावलं. खुर्च्या मी मांडल्या. चहा मी ठेवला. माझ्या वरातीची सगळी तयारी मी माझ्या हाताने केली!

सेठ आला, साखळी चमकवत. युसुफमियाँ आले, तोंड फुगवून. दोघांची आधी आपसात जुंपली. सेठ म्हणे मिस्त्री कच्चा, मिस्त्री म्हणे माल कच्चा. मी मधोमध उभी राहून दोघांना कच्चं म्हणत होते.

"खोलो!" मी म्हटलं. "सबके सामने खोलो!"

चाक निघालं.

डिस्कवर लालसर तांबूस थर, भाजून चिकटलेला. पॅड बोटाने दाबला तर चमकदार थेंब वर आला. सेठने नाकाला लावला. डोळे मिटले. परत उघडले.

"माताजी... ये तो असली घी है."

गुरुजी वाकून म्हणाले, "आणि हे स्वस्तिकाचं टोक दिसतंय. काढलंय मात्र शास्त्रोक्त!"

मला सगळं आठवलं, वाटीसकट. पण मी हार मानते होय?

"मग? पूजा करायची नाही का? तूप पवित्र असतं!"

तेवढ्यात वैशाली, माझी ती गरीब गाय, भिंतीकडे गेली आणि शाळेतल्या पोरीसारखी मोठ्याने वाचायला लागली, "डिस्कला तेल, ग्रीस किंवा बोट लावणाऱ्याची गय केली जाणार नाही. खाली सही..."

"पाटीवर तूप कुठे लिहिलंय?" मी ओरडले.

हेडमास्तर खुर्चीवरून खाली पडले. खरंच पडले! सेठने खांद्यावरचा रुमाल तोंडात कोंबला. युसुफमियाँ, मी ज्यांना काल एवढं बोलले, ते मला म्हणतात, "अम्मा, मेरे हाथ तो आपके डर से काँपते हैं. आपके हाथ किसके डर से काँपे?"

"काँपे नहीं! स्वस्तिक देखो, एक रेघ टेढ़ी है क्या?"

श्रीकांत हसता हसता डोळे पुसत होता. त्यानेच युसुफमियाँकडून डिस्क घासून घेतल्या आणि सेठला नवीन पॅड आणायला लावले. संध्याकाळी परत भैरवगढच्या रस्त्यावर गेलो, परत पाकळ्या. गाडी रेघेच्या हातभर अलीकडे खिळ्यासारखी उभी राहिली. म्हणजे माझी निवड बरोबरच होती! पंचांपैकी हे बघायला मात्र एकही आला नव्हता. लोकांना काय, भुसा बघायचा असतो.

किल्ली माझ्याकडे राहिली. आजही कमरेला आहे.

गोष्ट इथेच संपली असती. पण पुढच्या वर्षी टायर घ्यायला परत त्याच दुकानात गेले. सेठ गावाला गेलेला. काउंटरवर नवीन माणूस. भिंतीवर बोर्ड: 'गाड़ी की पूजा करें, ब्रेक की नहीं.'

मी विचारलं, "ये क्या है?"

तो खूश. "अरे माताजी, बड़ा मज़ेदार क़िस्सा है! उज्जैन की एक बुढ़िया थी, बड़ी अकड़ू. ब्रेक पर पूरा डिब्बा डालडा उँडेल दिया उसने!"

दुकानात सगळे हसायला लागले. मला गप्प बसता आलं असतं. मला कोण ओळखत होतं तिथे? टायर घ्यायचे आणि निघायचं. पण डालडा? पूर्ण डबा? माझ्या घरात आयुष्यात कधी डालडा आला नाही हो!

मी काउंटरवर हात आपटला.

"डालडा नहीं, साजूक घी था! घर का! और सिर्फ़ दो चम्मच!"