सुन्याचा डाव्या हाताचा गेअर

सुन्या काल घोट्याएवढ्या पाण्यात बुडून मेला.

विहिरीच्या काठावरून सूर मारणारा माणूस. पिंपळवंडीत त्याच्याइतका पोहणारा नव्हता.

सकाळी उसाला पाणी द्यायला गेला, पाण्याच्या चारीच्या कडेला फिट आली आणि आतच पालथा पडला. जवळ कुणी नव्हतं. एवढंच झालं.

सकाळपासून लोक विचारतायत, नक्की काय झालं. तेच तेच सांगून तोंड कडू झालंय. म्हणून दुसरं काहीतरी लिहितो.

सुन्या ड्रायव्हर होता. नारायणगावच्या मार्केटमधून टोमॅटो भरून मुंबईला न्यायचा. स्वतःची पिकअप. तिला तो पोरीच्या आधी आंघोळ घालायचा, असं त्याची बायको, मंदावहिनी म्हणायच्या.

मग फिट यायला लागल्या. पहिली रानात आली, दुसरी मार्केटला क्रेट उतरवताना.

डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्या चालू आणि गाडी बंद. कायमची.

वहिनींनी चावी लपवली. पिकअप ताडपत्रीखाली गेली. सुन्या ओट्यावर बसून त्या ताडपत्रीकडे बघत राहायचा. दुसरं कामच नाही.

मी तेव्हा पुण्यात कॉम्प्युटर रिपेअरिंग करायचो. दोन हजार सात-आठची गोष्ट असेल. एक दिवस तो एसटीने माझ्याकडे आला आणि म्हणाला, गेमचं स्टिअरिंग पाहिजे.

मला वाटलं, बरं झालं, जीव रमेल.

दुकानं पालथी घातली राव. एकात स्टिअरिंगमागे दोन पट्ट्या, त्या दाबल्या की गेअर पडतो. सुन्या म्हणाला, ही काय मोटरसायकलय का.

दुसऱ्यात दांडा होता, पण नुसता पुढे-मागे हलणारा. क्लच नाही. तिसऱ्यात क्लच होता, पण दांडा उजव्या हाताला फिक्स. दुकानदार म्हणाला, फॉरेनचा माल आहे साहेब, असाच येतो.

सुन्या तिथल्या स्टुलावर बसला. डोळे मिटले. डावा हात आपोआप खाली गेला आणि हवेतच थांबला.

"गेअर डाव्या हातालाच पाहिजे."

शेवटी एक मिळालं. तीन पेडल, खरे पाच-सहा गेअर आणि दांड्याचा डबा वेगळा. टेबलाला कुठल्याही बाजूने आवळता येणारा.

एवढा हट्ट कशाला, ते परतीच्या एसटीत कळलं.

"महिनाभर यावर रोज बसणार. फिट आली न्हाई, तर पिकअप काढणार. म्हणून सगळं खऱ्यासारखं पाहिजे. खोट्यावर पास होऊन काय उपयोग?"

दुसरी चावी त्याच्या खिशातच होती. वहिनींना माहीत नव्हती.

मी भांडलो. डॉक्टरांनी गाडी कायमची बंद सांगितलीय, महिन्यापुरती नाही. तो खिडकीबाहेर बघत बसला. घरी पोचल्यावर मी वहिनींना सगळं सांगून टाकलं.

त्या चुलीपुढून उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, "बसू द्या. तेवढाच महिना घरात ऱ्हाईल."

माझा जुना कॉम्प्युटर तिथे लावला. पेडल सरकू नयेत म्हणून मागे वहिनींचा पाटा. लोडशेडिंगमधून जेवढी लाइट मिळेल तेवढा वेळ सुन्या गाडीवर.

रेसिंगचा गेम, आणि हा कायम शेवटचा. सगळे भन्नाट निघून जायचे, हा प्रत्येक वळणाला आधी गेअर कमी करणार.

शेजारी स्टुलावर त्याची प्राजू. सहा वर्षांची पोर. तिला रोज 'मुंबईला' जायचं असायचं.

महिना संपत आला होता. मी सुट्टीला गावी आलो होतो, मागे कॉटवर बसून बघत होतो. घाटाचा रस्ता होता.

सुन्याचं अंग एकदम ताठ झालं. पाय अॅक्सिलरेटरवर तसाच दाबलेला. मग झटके.

आम्ही त्याला खाली घेतलं, कुशीवर वळवलं. वहिनींनी डोकं धरलं. त्या रडत नव्हत्या.

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. आधी स्क्रीनकडे बघितलं. गाडी दरीत उलटी पडलेली, चाकं अजून फिरत होती.

मग स्टुलाकडे बघितलं. प्राजू तिथेच बसून होती, भेदरलेली.

"ही इथंच बसली व्हती का?"

वहिनींनी प्राजूला जवळ ओढून घेतलं.

त्याने खिशातून चावी काढून वहिनींच्या हातात दिली. "इकून टाक."

पिकअप गेली त्या दिवशी तो रानातून घरीच आला नाही. अंधार पडल्यावर मी जाऊन आणला.

पुढे स्टिअरिंगवर प्राजू बसली आणि सुन्या स्टुलावर. क्लच कधी दाबायचा, चढाला कुठला गेअर, सगळं तिला शिकवलं. एकच गोष्ट हजारदा सांगायचा.

"गेअर असा टाकायचा, की शेजारी झोपलेल्याला जाग नाय आली पाहिजे."

प्राजू आता मंचरला नोकरीला आहे. काल दुपारी आली, तेव्हा नारायणगावला पोस्टमॉर्टेम चालू होतं. अॅम्ब्युलन्सचा पत्ता नाही. भावकीतल्या एकाची पिकअप उभी होती.

तिने चावी मागितली. सगळे म्हणाले, पोरी, आज तू नको.

"पप्पांना मीच नेणार."

कुणाचं चाललं नाही.

मी मागे हौद्यात सुन्यापाशी बसलो होतो. पिंपळवंडीपर्यंत चढ, वळणं, स्पीडब्रेकर, सगळं आहे. तिने गेअर कधी टाकले, मला कळलं नाही.

सुन्या हललासुद्धा नाही.

सुन्या, पोरगी तुझ्यासारखी चालवते रे.

शेवटचा रामराम, मित्रा.