झूराकान आपाचा अंगठा

चीन आणि कझाकांच्या मुलखामधल्या कोचकोरच्या खोऱ्यात लोक पोलिसांना घाबरत नसत, तितके म्हाताऱ्या झूराकान आपाच्या अंगठ्याला घाबरत. घोडं खोगिराखाली आखडलं, की तिच्या अंगणात आणून बांधायचं. मेंढीच्या शेपटीच्या चरबीनं हात माखून ती घोड्याचा कणा चाचपायची, नेमकी जागा सापडली की अंगठा रोवायची, आणि घोड्यानं जांभई दिली की मोकळी व्हायची. माणसांनाही तीच चरबी आणि तोच अंगठा. फक्त घोडे बोंबलत नसत.

मुकाश त्या खोऱ्यातला नावाजलेला स्वार. घोड्यावरून बकऱ्याचं धड पळवायच्या खेळात त्याला पाहायला तालुका लोटायचा. तो एकदा आपला तांबडा घोडा घेऊन आला.

"आपा, हा डावीकडं वळायलाच तयार नाही."

आपानं घोडा चोळला. त्यानं जांभई दिली, वर एक लांबलचक वाराही सोडला. "घेऊन जा. झाला."

दोन दिवसांनी मुकाश परत. "तुमची विद्या पावसात विरघळते काय हो?"

हे आपाच्या फार जिव्हारी लागलं. तिनं त्याला घोड्यावर बसवलं आणि मागून निरखलं.

"घोडा सरळच आहे रे! तुझं ढुंगण वाकडं आहे. एक कुल्ला चीनकडं, एक कझाकांकडं. उतर, पालथा पड."

"इथं? उघड्यावर?"

"तुझी नाळ मी कापली. तुझ्याकडं आता नवीन काय पाहायचंय?"

कुंपणापाशी उभी असलेली त्याची बायको बातमा फिस्सकन हसली. मुकाश मुकाट्यानं घोंगडीवर पडला. आपानं त्याच्या कंबरेत गुडघा रोवून जोर लावला. मुकाश रेड्यासारखा ओरडला. तेवढ्यात कट्‌कन आवाज झाला.

"मोडलं! माझं हाड मोडलं!"

"गप. माझं आहे ते."

आपाची कंबर धरली होती. ती त्याच्या पाठीवर वाकून तशीच अडकली.

"आपा, उठा ना."

"उठता आलं असतं तर तुझ्यावर संसार थाटला असता का, गाढवा?"

बातमा हसून हसून खाली बसली, तिचा काही उपयोग नव्हता. मुकाशच कसाबसा सरपटत बाहेर आला आणि त्यानं आपाला आडवं केलं.

"कुठं दाबू?"

"जिथं शिव्या वाढतील तिथं."

शिव्यांच्या मागानं मुकाशचे हात जागेवर पोचले. सगळं खोरं तिच्याकडं पाठी घेऊन यायचं. तिच्या पाठीला हात लावायचं नवरा गेल्यापासून कुणाला सुचलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले. ते कळू नये म्हणून तिनं मुकाशच्या बापाचाही उद्धार केला, आणि तिथंच घोरायला लागली.

दुसऱ्या दिवशी ती काठी टेकत उठली आणि मुकाशची कंबर तिनं सरळ करूनच सोडली.

पुढच्या सामन्यात तांबडा डावीकडं असा सर्रकन वळला, की इतकी वर्षं उजवीकडं कलून बसायची सवय झालेला मुकाश बकऱ्यासकट चिखलात गेला. खांदा निखळला. मैदानात सगळ्यात मोठ्यानं हसली ती आपा, आणि धावत जाऊन खांदा बसवलाही तिनंच.

"सरळ बसायला आता नव्यानं शीक," ती म्हणाली. "तोवर दर शुक्रवारी माझी पाठ दाबायला ये."

"एका हातानं?"

"मग बातमालाही घेऊन ये. दोन तिचे, एक तुझा."

दोघंही यायला लागली. बातमाचा हात चांगला निघाला. पुढं मुकाश पुन्हा खेळू लागला, तेव्हा कंबर परत वाकडी होऊ नये म्हणून त्याच्या कंबरेत गुडघा रोवायचं काम आपानं तिच्याकडंच सोपवलं. बातमानं ते फार मनापासून केलं.