बंगल्यावरचा नारळ

युक्तिवादाला उभं राहण्याआधी आमच्या वकीलबाई टेबलाखाली चपला काढून ठेवायच्या. का म्हणून विचारलं तर म्हणायच्या, "अनवाणी असलं की खोटं बोलवत न्हाई." पिंपळगाव रेणुकाईच्या शेतकऱ्याची लेक, देवीच्या पायरीवर शपथ घेताना माणसं पाहिलेली. आम्ही जालन्याच्या कोर्टातले वकील त्यांना हसायचो.

सरकारी वकिलाची एक जागा रिकामी झाली. आता आपल्याकडची रीत तुम्हाला काय सांगायची! शाल-नारळ घेऊन आमदारसाहेबांच्या बंगल्यावर जायचं, पाया पडायचं, की साहेब शिफारस करणार. निम्मी बार रूम जाऊन आली होती. जागा बाईंनाही हवी होती, आणि त्या ते लपवतही नव्हत्या. मार खाल्लेल्या बायांच्या बाजूनं उभं राहायचंय, ते घरी बसून कसं होईल, म्हणायच्या. शेवटी मीच त्यांना बंगल्यावर नेलं. त्या आल्या, पण रिकाम्या हातानं.

दिवाणखाना भरलेला. साहेबांच्या सख्ख्या भावावर शेतातल्या मजूर बाईला विहिरीत ढकलल्याचा खटला उभा राहणार होता. नशीब तिचं, वाचली होती. साहेब गोड आवाजात म्हणाले, "नेमणूक झाली की आमच्या भावाकडं जरा बघा, वकीलबाई."

"बघीन की," बाई म्हणाल्या. "सरकारतर्फे तो खटला मीच चालवीन. बराबर चालवीन, साहेब."

चहासुद्धा आला नाही. बाहेर पडल्यावर मी कपाळाला हात लावला. तोंडाशी आलेला घास घालवलात, असं बोलूनही गेलो. बाईंचे डोळे भरले होते. जागा त्यांना खरंच हवी होती हो.

पण जिल्हा न्यायाधीशांनी बाईंचं काम वर्षानुवर्षं पाहिलेलं. त्यांनी बाईंच्या नावाचा हेका सोडला नाही आणि नेमणूक आली. पंचाईत झाली ती साहेबांची. आपल्या शिफारशीवाचून जिल्ह्यात कुणी वर चढलं, हे लोकांना कळून कसं चालेल? लगेच नवीन जालन्यातल्या चौकात फ्लेक्स लागला: साहेबांच्या प्रयत्नांना यश, वकीलबाईंचं हार्दिक अभिनंदन. साहेबांचा फोटो दाराएवढा, बाईंचा पोस्टाच्या तिकिटाएवढा. बाई म्हणाल्या, "राहू द्या. आपल्याला काय खर्चा न्हाई."

खटला चालला. साक्षीदारांवर दबाव आला, पण बाईंनी एकही फुटू दिला नाही. भावाला सक्तमजुरी झाली. त्या दिवशी मला इतका आनंद झाला की मी कोर्टाच्या शिपायालाच मिठी मारली.

आणि ती मजूर बाई? तिनं चौकातला फ्लेक्स कुणाकडून तरी वाचून घेतलेला. निकाल लागल्यावर ती नारळ घेऊन थेट बंगल्यावर गेली. भरल्या दिवाणखान्यात साहेबांच्या पाया पडून म्हणाली, "साहेब, तुमी अशी वकीलीण दिली म्हून मला न्याय भेटला. लई उपकार झाले."

साहेबांनी नारळ घेतला. नको कोणत्या तोंडानं म्हणणार?

बाई आता हायकोर्टात वकिली करतात, जालन्याला क्वचितच येतात. बार रूममधली त्यांची खुर्ची ओढून मी बसतो, पण ती काही मला शोभत नाही. नारळाची हकिगत मी सांगितली तेव्हा त्या डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या होत्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "नारळ घेतला ना त्यांनी? मंग निरोप द्या, फोडून सगळ्यांना परसाद वाटा म्हणावं."