वाळलेल्या कडब्याचा आवाज

कडबाकुट्टीच्या मशीनने वडिलांची दोन बोटं तोडली, तेव्हा मी नगरला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला होतो. घरातून कॉलेजात गेलेला पहिलाच. शेवगावजवळच्या आमच्या गावी पोचलो, तर रक्ताने लाल झालेली कुट्टी म्हैस खात होती आणि मशीनपाशी आता आई कडबा सारत उभी होती. जनावरं उपाशी ठेवता येत नाहीत.

शेवटच्या वर्षी प्रोजेक्टला मी तेच मशीन घेतलं. कडबा आत सारायच्या पत्र्याच्या पन्हळीवर, चाऱ्याच्या थराच्या वरून, एका बाजूने कानाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा, समोरच्या सेन्सरने तो पकडायचा. मध्ये हात आला की आवाज तुटेल, मोटर बंद होऊन चाकावर ब्रेक बसेल. सेन्सरला मिळणारा आवाज फार क्षीण असतो. तो वाढवायला मी भंगारातल्या रेडिओंचे तीन ट्रान्झिस्टर एका डब्यात एकापुढे एक जोडले. "एवढ्या स्वस्तात एवढा गेन? आवाज एवढा वाढतोय?" सर म्हणाले. ते वाक्य मी कितीतरी दिवस मनात घोळवलं. प्रयोगशाळेत तशीच पन्हळ मांडून पुन्हा पुन्हा हात घालून पाहिला. दर वेळी मोटर थांबली.

घरच्या मशीनला ते जोडून हिरवा लसूणघास घालून दाखवलं. तिथंही थांबली.

"आता भ्या न्हाई मला," आई म्हणाली.

आधी ती पेंढी लांबूनच ढकलायची. त्या दिवसापासून शेवटच्या काड्या तळहाताने आत सारू लागली.

दोन दिवसांनी घास संपला, वाळलेला कडबा लावला. मी शेजारीच होतो. आईचा हात पन्हळीत गेला आणि मशीन थांबलं नाही. ज्वारीच्या मोडणाऱ्या ताटांच्या करकरीतही तो ऐकू न येणारा आवाज असतो. माझे ट्रान्झिस्टर तोच वाढवत होते, मध्ये कुणी नाही असं मोटरला सांगत होते. हे मला पुढे कळलं. तेव्हा ऐकली ती फक्त आईची किंकाळी.

वडिलांनी तिचा दंड धरून तिला मागे फेकलं. मधल्या बोटाचं नख उपटून निघालं होतं, फुटलेल्या बांगड्या मनगटात घुसल्या होत्या. मग ते माझ्याकडे वळले. पहिल्याच थपडेने मी दावणीत पडलो. वर लाथ बसली, पोटात.

"तुझ्या डब्यावर सोडली व्हय मी हिला? बोल की, इंजिनेर!"

"अवं, सोडा! लेकरू हाय ते!"

"लेकरू? मिशा फुटल्यात त्याला! कडबा घालून बघितलं हुतं का रं?"

"न्हाई." माझ्या तोंडात रक्त होतं.

"का न्हाई?"

कडबा कसा करकरतो, हे आमच्या वर्गात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं?

ते धापा टाकत थांबले. मशीन बंद केलं, सेन्सर तारांसकट उपटून फेकले. आईने हाताला फडकं बांधल्यावर त्यांनी तिचा हात, बोटं पात्याकडे करून, पन्हळीवर लांब ठेवला आणि खांद्यापाशी कोळशाने रेघ मारली. मला फळ्या आणायला लावल्या. हात पात्यापर्यंत पोचूच नये म्हणून त्या रेघेच्याही बाहेर हातभर आम्ही पन्हळ वाढवली, वरून झाकण ठोकलं. खिळा मी धरला होता. त्यांनी हातोडा उचलला की माझी बोटं मागे सरत होती.

"धर नीट," ते म्हणाले.

मी धरला.