घरातही डोस वाढवत गेलो

कित्येक वर्षं मी माझ्या बायकोला अस्वच्छ समजत होतो. तसं तिला तोंडावर बोललोही. चूक माझी होती.

दिग्रसला माझं कीटकनाशकांचं दुकान होतं. कपाशीची ती वाईट वर्षं. फवारूनही अळी हटत नसे. तक्रार घेऊन कुणी आला की माझं उत्तर ठरलेलं, "डोस वाढवा." घरातही माझी अक्कल तेवढीच चालली.

बायकोला अंगावरून दह्यासारखं पांढरं जायचं. आत खाज, आग. मेडिकलमधलं मलम लावलं की थांबायचं, महिना-दोन महिन्यांत पुन्हा सुरू. "घाणेरडी राहतेस, धूत नाहीस नीट," असं म्हणून मी जंतुनाशकाची बाटली आणून दिली. त्रास वाढला, तेव्हा एका झाकणाऐवजी दोन झाकणं पाण्यात टाकायला सांगितलं.

"अहो, मी काय कपाशीची पऱ्हाटी आहो का? आंग जळून राह्यलं माहं," ती म्हणाली.

मी हसलो. तिचा टॉवेल न्हाणीमागच्या दोरीवर वेगळा वाळत घालायला लावला. त्यानंतर तिनं सांगणंच सोडलं.

मुलगी कॉलेजात गेली आणि तिलाही तेच सुरू झालं. एका दुपारी स्वयंपाकघरातून तिचा आवाज ऐकू आला, "आई, मीबी तुह्यासारखी घाणेरडी आहो का वं?"

शब्द माझा होता. मी दारातच थांबलो.

दोघींना यवतमाळला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. तपासण्या झाल्या, साखर ठीक निघाली. बाईंनी विचारलं, "माहेरी कुणाला आहे का असं?"

"मायले होतं. बहिणीले आहे," बायको खाली बघत म्हणाली. इतक्या वर्षांत हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

"मग धुण्याला कशाला दोष देता?" बाई म्हणाल्या. "ही बुरशी बऱ्याच बायकांच्या अंगात गुपचूप असतेच. काहींच्या शरीराला ती आवरत नाही, काहींचं शरीर तिच्यावर उगाच भडकतं. ही ठेवण काही घराण्यांत रक्तातून येते असं दिसतं. सगळं अजून कळलेलं नाही. पण ते जंतुनाशक आधी बंद करा, त्यानं आग वाढते."

एकाच शेतात एक वाण मर रोगाच्या बुरशीनं वाळतं आणि शेजारचं उभं राहतं, हे मी दुकानात रोज सांगत होतो. घरात मला ते आठवलं नाही.

त्या संध्याकाळी न्हाणीमागचा टॉवेल काढून मी अंगणातल्या दोरीवर टाकला आणि बायकोजवळ जाऊन हलक्या आवाजात म्हणालो, "माझं चुकलं."

ती कपड्यांच्या घड्या करत होती. मान वर न करता म्हणाली, "बोलले तवा पोरीच्या कानावर गेलं. आता कायले हळू बोलता?"

मी मुलीला हाक मारली. ती येऊन उभी राहिल्यावर तिच्यासमोर बायकोला म्हणालो, "तू घाणेरडी कधीच नव्हतीस. हीही नाही. मी तुला नाही नाही ते बोललो, तुझं अंग जाळलं आणि वर हसलो. मला माफ कर."