चिशिनाऊ ते मेलबर्न, आणि न काढलेला केर

तुदोरने उभा जन्म सोरोका ते राजधानी चिशिनाऊ बस हाकली. त्यामुळे अंतर म्हणजे काय ते आपल्यालाच कळतं, अशी त्याची पक्की खात्री. निवृत्तीनंतरही गल्लीतलं कोणी प्रवासाला निघालं की हा फाटकाशी उभा राहून किती वेळ लागेल ते सांगे, कोणी विचारलेलं नसलं तरी.

त्याच्या बायकोची, अगाफियाची, खात्री वेगळी होती. घरचं माणूस निघालं की ते मुक्कामी पोचेपर्यंत केर काढायचा नाही. काढला तर माणूस परत येत नाही.

धाकटी लेक दोइना नवऱ्याकडे मेलबर्नला निघाली तेव्हा निरोप द्यायला सगळी गल्ली लोटली. गल्ली परत गेली ती जमिनीवर अक्रोडाची टरफलं, सूर्यफुलाच्या बियांची फोलपटं आणि चिखलाच्या बुटांचे ठसे सोडून.

"बाई, आता तरी झाड," तुदोर म्हणाला. "पायाखाली नुसतं कुरकुरतंय."

"पोरीचा फोन आल्याशिवाय झाडूला हात लावायचा नाही. सांगून ठेवते!"

तुदोरने मोबाईलवर दोन्ही शहरांची नावं घातली. हवाई अंतर आलं, विमानाला लागणारा वेळही आला, सोळा तासांच्या आसपास. झालं! दुसऱ्या दिवशी तेवढा वेळ उलटला, अगाफिया गाईची धार काढायला गेली, आणि याने घर लख्ख झाडून टाकलं.

ती परतली आणि दारातच थबकली. "फोन आला?"

"येईल गं. केव्हाच उतरली असेल. हिशेब केलाय मी."

"तुझ्या मोबाईलमधलं विमान गेलं असेल सरळ! पोरीला इस्तंबूलला उतरून बसायचंय, सिंगापूरला उतरून बसायचंय. ते धरलंस का हिशेबात, अरे माणसा?"

जन्मभर प्रत्येक थांब्यावर बस उभी करणारा माणूस, आणि नेमके थांबेच विसरला होता. तुदोरने दोइनाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच. अगाफिया भिंतीकडे तोंड करून बसली. ते मात्र त्याला सोसवेना.

असल्या गोष्टींवर आपला विश्वास नाही, असं मनाशी म्हणत तो अंगणात गेला. खुराड्यामागे टाकलेला केर त्याने बादलीत भरला, आत आणला, आणि गुडघ्यांवर बसून मुठी मुठीने पसरायला लागला. त्याला भीती वाटत होती, आणि ती लपवायचं भानही उरलं नव्हतं.

अगाफिया बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "दाराशी पण टाक. तिथे उभी होती ती."

तो दाराशी पोचला तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, सिंगापूरला उतरलेय. अजून एक विमान आहे. आईने केर नाही ना काढला?"

तुदोरने मुठीतला केर जमिनीवर सोडला.

"छे गं पोरी," तो म्हणाला. "पाय ठेवायला जागा नाही घरात."