बंदुकीच्या चापाचं कुंकू

बायांनो, आजचंच लिहिते.

इथे अमेरिकेत, टेक्सासमधल्या प्लेनो गावात पोराने पहिलीच रायफल घेतली, सैन्यात असते तसली काळी. आज सकाळी म्हणाला, "आई, दसऱ्याला विळी पुजतेस ना, हिलाही पूज." मी चापाला, म्हणजे बोटाने ओढतात तिथे, ओलं कुंकू लावलं. त्याने ती लोखंडी कपाटात ठेवून नंबरचं कुलूप लावलं.

दुपारी सहा वर्षांची नात चिऊ जेवायला आली. कपाळ कोरं, बोट लाल.

"कुठं हात घातलास गं?"

तिने बोट फ्रॉकला पुसलं.

कपाट बंदच होतं. पोराला उघडायला लावलं, तर चापावरचं कुंकू फिसकटलेलं. गोळ्याही त्याच कपाटात.

"नंबर काय ठेवलायस मेल्या?"

"चिऊचा बड्डे."

तो तर मीच तिच्याकडून पाठ करून घेतलाय. तुमच्या कपाटाचा नंबर घरात कोणाकोणाला पाठ आहे?